भुजंग ओतारीचा हिरवा टाक

तांबं जुनं करायला भुजंग ओतारीला एकवीस दिवस लागत. बाविसाव्या दिवशी मडक्यातून निघालेलं कडं हातात घेणारा माणूस आवाज खाली आणून विचारायचा, "कुठं सापडलं?" भुजंग उत्तर देत नसे. उत्तर द्यायचं काम ख्वाजामियाँचं होतं.

जालन्यात मस्तगडाच्या उतारावर भुजंगचं दोन खणांचं घर होतं. पुढल्या खणात ऐरण, भट्टी आणि ठशांची पेटी. मागल्या खणात बायको दुर्गाबाई आणि चूल. बापाचा धंदा टाकांचा, म्हणजे पत्र्यावर ठशानं उठवलेल्या देवांचा, तोच याचा. खंडोबा, बहिरोबा, देवी. त्याशिवाय तांब्याची कडी, बोटातली वेढी, पोरांचे वाळे. चांदी परवडणारे लोक सोनाराकडं जात, न परवडणारे भुजंगकडं. पाऊस बरा झाला की सोनाराकडं जाणारे वाढत आणि भुजंगची ऐरण थंड पडे.

अशाच एका बऱ्या सालात ख्वाजामियाँ त्याच्या पायरीवर येऊन बसला होता. त्याला दुकान नव्हतं, एक पत्र्याची पेटी होती. भोकरदनच्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीच्या टेकाडात, पावसाळा सरला की मातीतून मणी, नाणी, तांब्याच्या अंगठ्या उघड्या पडत. गुराखी त्या वेचीत, ख्वाजामियाँ त्या विकत घेई आणि अजिंठा-वेरूळ बघायला येणाऱ्यांना नाहीतर हैदराबादच्या शौकीन नवाबांना विकी. गिऱ्हाइकं वाढली, पांढरी तेवढीच राहिली. त्यानं एक हिरवीगार अंगठी भुजंगच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "उस्ताद, ऐसाच होना. बिलकुल ऐसाच."

भुजंगनं वर्षभर डोकं घातलं आणि जमवलं. आधी दागिना चिंचेनं घासून लख्ख करायचा. बोटाचं तेलसुद्धा राहता कामा नये. मग गंधकाच्या धुरावर धरून काळा करायचा. मीठ आणि नवसागर सिरक्यात खलून त्याचा हात फिरवायचा, ओल्या भुशासकट मडक्यात घालायचा आणि ते मडकं अजमत टांगेवाल्याच्या तबेल्यात, घोड्याच्या मुतानं भिजलेल्या गवताखाली पुरायचं. तबेल्यातली जी वाफ डोळ्यांना झोंबायची तीच तांब्याला लागायची. एकवीस दिवसांत अंगावर हिरवा जंगाल फुटायचा. वरून जवसाचं तेल आणि मेण चोळलं की तो बसायचा.

घरोघरच्या बायका ज्याला कळंक म्हणत आणि राखेनं खरवडून काढत, तेच पीक भुजंग तबेल्यात काढत होता. दुर्गाबाई म्हणायची, "साऱ्या मुलखाच्या बाया तांबं घासत्यात, आन् आमच्या घरात कळकवत्यात."

"त्या घासलेल्या तांब्याला कोण इचारतं?" भुजंग म्हणायचा. "एकवीस दिसांत दोनशे वर्षं. हाय का कोणाच्या हातात?"

त्याच्या हातात ते होतं, यात खोटं काही नव्हतं. पण त्यातून त्याचा एक समज होऊन बसला. जुनेपणा हा एकच रस्ता आहे, कोणी त्यावर लांब जातं, कोणी जवळ थांबतं; आणि आपल्याला त्या रस्त्यावरचा प्रत्येक दगड ठाऊक आहे, असं त्याला वाटू लागलं.

फसली १३४४ चा श्रावण. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. बरोबर कोणी नव्हतं.

"दादा, सवतीचा टाक तुम्हीच करता न्हवं?"

"करतो. कोणाला पायजे?"

"मला."

भुजंगनं तिच्या गळ्याकडं पाहिलं. काळा दोरा होता. पहिली बायको मेल्यावर जी दुसरी येते तिनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं, नवी चोळी आधी त्याला दाखवायची, मग अंगाला लावायची. या मुलखात हे कोणाला सांगावं लागत नाही. ठसा एकच असतो. पदर घेतलेली, हात जोडलेली एक बाई. भुजंगनं वीस वर्षांत त्या एका ठशावरून शे-सव्वाशे मेलेल्या बायका उठवल्या होत्या, आणि सगळ्यांचा चेहरा सारखा होता.

"दोरा तर हाय," तो म्हणाला.

तिनं दोरा चोळीतून ओढून काढला. टोकाला भोक पाडलेला ढब्बू पैसा होता.

मग ती खाली बसली आणि सगळं सांगितलं. नाव द्वारका. सासर भोकरदनकडचं बोरखेडी, माहेर जालन्यापासून कोसभर. पंचमीला माहेरी आली होती. विहिरीवरच्या लिंबाला झोका बांधला होता, वहिनीनं दोन झोके जास्तीचे दिले, दोरा तुटला आणि चार वर्षं गळ्यात असलेला टाक विहिरीत गेला.

"कोणी उतरलं न्हाई का?"

"पंचमीची विहीर, दादा. काठाला हात लावला तर पाणी लागतंय."

"मंग सासरी सांगावं. हरपलं म्हणून सांगावं."

"कसं हरपलं, तर झोका खेळताना," ती म्हणाली. "सासूबाई इचारतील, माझी नंदा पाण्यात बुडाली तवा तू किती उंच गेल्ती?"

भुजंगला सासू आठवली. तुळजाबाई. चार वर्षांपूर्वी टाक करायला तीच आली होती, आणि काम होईपर्यंत दिवसभर समोर बसून राहिली होती. मेलेली पहिली सून, नंदा, तिच्या भावाचीच लेक. एक तान्ही मुलगी मागं ठेवून गेली होती.

"म्हातारी टाक बघती का रोज?"

"रोज दोराच बघत्यात. वर्षातून एकडाव हातात घेत्यात. अविधवा नवमीला. दुधानं धुवायचा, आंबट लावायचं न्हाई. ते दूध नंदाच्या पोरीनं प्यायचं, मंग मी प्यायचं. मंग सासूबाई टाक गालाला लावत्यात." तिनं दोरा परत चोळीत सारला. "नवा दिला तर त्या वळखतील. जुना पायजे. चार वर्षं गळ्यात राहिल्यावानी. लोक म्हणत्यात तुम्हाला येतं."

लोक म्हणतात हे ऐकून भुजंगला बरं वाटलं. त्यानं बोटांवर तिथी मोजल्या. नवमीला सत्तेचाळीस दिवस होते.

"आठ दिसांचं काम," तो म्हणाला. "घाबरू नगं. नवमीच्या दोन दिवस आधी ये, घेऊन जा."

"त्याच्या आधी न्हाई व्हायचं?"

"आधी घेऊन काय करती? ताजं काम ताजं घातलेलं बरं."

त्याच दिवशी त्यानं पत्रा तापवून मऊ केला, ठशावर ठेवला, वर शिसं ठेवून हातोडा मारला. बाई उठली. कडा कातरल्या, वरती दोरा ओवायला नाकं झाळलं. तांब्याचा टाक पेटत्या निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. दुर्गाबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली आणि तिनं तो पाहिला.

"त्या पोरीचाच न्हवं? द्या मंग तिला असाच. आजपासून चोळीत राहिला तर घामानं आपोआप होईल."

"असं होत असतं तर मी तबेल्यात कशाला मरतो?"

"तुमचं मातीतलं आसतंय. हे अंगावरलं हाय. माझी तांब्याची जोडवी बघा, हिरवी हायेत का?"

"तू भाकरी कर," भुजंग म्हणाला.

टाक ठशांच्या पेटीत पडला. ख्वाजामियाँची चाळीस कड्यांची मागणी हातात होती, हैदराबादहून माणूस यायचा होता. आठ दिवसांचं काम, घाई कशाला? पोळा गेला, गौरी-गणपती आले आणि गेले. टाक पेटीत पस्तीस दिवस होता. दुर्गाबाईनं पुन्हा विषय काढला नाही. ती एकदा सांगायची आणि सोडून द्यायची. ही तिची सवय भुजंगला तोपर्यंत सोयीची वाटत आली होती.

छत्तिसाव्या दिवशी त्यानं टाक काढला, चिंचेनं घासला आणि मडक्यात घातला. एकवीस दिवसांची दोनशे वर्षं. मग चार वर्षांना खरं तर सकाळ-दुपार पुरली असती. पण इतकं थोडं त्यानं कधी केलं नव्हतं आणि बाईनं नावाजून काम दिलं होतं. आठ दिवस ठेवला. निघाला तेव्हा त्याला स्वतःलाच आवडला. उंच भाग काळपट, आणि पदराच्या चुण्यांत, जोडलेल्या हातांच्या खाचेत, बारीक हिरवं. त्यानं तेल-मेण चोळलं, तेही जरा हलक्या हातानं, कारण जास्त चोळलं तर हिरवं झाकलं जातं.

द्वारका ठरल्या दिवशी आली. टाक हातात घेऊन उजेडाला गेली आणि तो तिरपा करून बघितला.

"दादा, हिरवं हाय हे."

"जुनं पायजे होतं न्हवं?"

"पायजे होतं. पण माझं हिरवं नव्हतं. काळं होतं. आन् नाकावर, हातावर चमकायचं."

या ठिकाणी भुजंगनं जे वाक्य म्हटलं ते त्याला पुढं जन्मभर पाठ राहिलं. तो म्हणाला, "पोरी, रोज बघणाऱ्याला वय दिसत न्हाई. तुझ्या सासूला दिसतं, ती वर्षातून एकदा बघती. तू तिच्या डोळ्यानं बघ."

वाक्य चांगलं होतं. द्वारकेनं ते ऐकलं आणि मान हलवली.

"आन् हे बघ," भुजंग म्हणाला, "नवमीच्या सकाळपर्यंत गळ्यात घालू नगं. घामानं रंग जाईल. फडक्यात बांधून ठिव."

तिनं तो फडक्यात बांधला, कनवटीला खोचला आणि गेली.

नवमीनंतर सहा दिवसांनी ती पुन्हा पायरीशी आली. या वेळी भाऊ बरोबर होता, तो रस्त्याच्या पलीकडं पाठ करून उभा राहिला. डोळे कोरडे होते. तिनं सांगितलं ते सरळ, क्रमानं सांगितलं.

सकाळी तुळजाबाईनं काशाच्या वाटीत दूध घेतलं, टाक त्यात ठेवला, हळद-कुंकू तयार केलं. नंदाची मुलगी समोर पाटावर बसली होती, दुधाची वाट बघत. स्वयंपाकाचं बघून तुळजाबाई परत आली तोवर दूध निळसर हिरवं झालं होतं. खाली टाक होता आणि त्याच्या भोवती हिरवं विरघळत होतं. मुलीनं वाटीला हात घातला होता. म्हातारीनं तिचा हात धरला, वाटी उचलली आणि अंगणात नेऊन ओतली. ओरडली नाही.

"मंग?" भुजंगनं विचारलं.

"मंग आत येऊन ह्यांना म्हणल्या, कळकलेलं दूध हाय. अंगावरलं तांबं कधी कळकत न्हाई. हे मेलीनं ओकलं का जितीनं घातलं, मला ठावं न्हाई. दोन्हीत हिला ह्या पोरीजवळ ठिवता येत न्हाई."

"तू काय बोलली?"

"काय बोलू? हरपला म्हणावं तर इतके दिस ढब्बू घालून फसवलं. न्हाई म्हणावं तर जहर घातलं." तिनं पदर नीट केला. "दादा, त्यांनी मला माहेरी धाडलं, माझं कोणी ऐकणार न्हाई. तुम्ही चला. तुम्ही म्हणा, मी नवा केला, मी मसाला लावला, बाईनं काही घातलं न्हाई. कारागिराचं ऐकत्यात लोक."

"येतो," भुजंग म्हणाला.

"कवा?"

"येत्या बाजाराला. शनवारी."

तो खरंच जाणार होता. शुक्रवारी ख्वाजामियाँ आला. भुजंगनं त्याला सांगितलं, कारण दुसरं कोणी सांगण्यासारखं नव्हतं. ख्वाजामियाँनं पान लावता लावता ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, हिशेबी होता.

"जाव ना, कोन रोकता?" तो म्हणाला. "मगर सोचो उस्ताद. बोरखेडी से भोकरदन कितना? भरल्या गावात तू बोलणार, मी आठ दिवसांत तांबं जुनं करतो. बाजाराला बात फैलणार. फिर मैं किसको बोलूं, ये भोकरदन की मिट्टी में मिला?"

"बाईचा संसार हाय, ख्वाजामियाँ."

"है ना. थोडा ठंडा होने दो. म्हातारीचा राग हाय, उतरंल. राग को भी इक्कीस दिन लगते."

भुजंग हसला. शनिवारी तो गेला नाही. पुढच्या शनिवारी अजमतचा घोडा लंगडत होता. त्याच्या पुढच्या शनिवारी दसरा होऊन गेला होता आणि टाकांचं काम अंगावर होतं. मग कापूस सुरू झाला, रस्त्यानं गाड्यांची रीघ लागली. प्रत्येक शनिवारला एक कारण मिळत गेलं आणि एकही कारण खोटं नव्हतं. दुर्गाबाईनं एकदा विचारलं, "गेल्ता का बोरखेडीला?" तो म्हणाला, "जाऊन राह्यलो ना."

मार्गशीर्षात एक माणूस बैलगाडी रस्त्यावर सोडून पायरीशी आला. चाळिशीचा, पटका बांधलेला, बोलायला संकोच करणारा. म्हणाला, सवतीचा टाक पाहिजे, सोमवारच्या आत.

"पहिलीला जाऊन किती दिस झाले?" भुजंगनं नेहमीप्रमाणे विचारलं.

"पाच वर्षं व्हत आली. तिचा टाक तुमच्याकडूनच नेला होता आईनं. तो आता न्हाई. आईनं नदीत सोडला." त्यानं पटका सारखा केला. "मी बोरखेडीचा. रखमाजी."

भुजंगच्या हातात कातर होती. ती त्यानं खाली ठेवली, आणि तीन महिने जे बोलायचं राहिलं होतं ते बोलला. विहीर, ढब्बू पैसा, आठ दिवसांचं मडकं, मीठ, नवसागर. खात्री पटावी म्हणून त्यानं एक हिरवं कडं पाण्यात टाकून दाखवलं. थोड्या वेळानं पाण्याला रंग आला. रखमाजी वाकून बघत होता.

"म्हणजे तिनं काही घातलं न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

"आन् नंदानंबी ओकलं न्हाई."

"न्हाई. मी केलं ते."

रखमाजी भिंतीला टेकून बसला. रस्त्यावर त्याचे बैल घुंगरं वाजवत होते.

"ओतारीदादा, बोरखेडी इथून दहा कोस हाय."

"हाय."

"तीन महिन्यांत रस्ता घावला न्हाई?"

"न्हाई घावला."

"मी रोज इचार करायचो," रखमाजी म्हणाला, "ही बाई असं करंल का? चार वर्षं पोरीची वेणी तिनं घातली. आईबी रात झाली की गप बसायची. कोणी एक माणूस येऊन बोललं असतं तर आई आपल्या पायानं तिला आणायला गेली असती. ती वाटच बघत होती कोणीतरी बोलायची."

"मंग आता आणा. टाक नगं, तिला आणा."

"सोमवारी हळद हाय. देऊळगावची पोर हाय, बाप न्हाई तिला, मामानं उभं केलंय. आता मोडलं तर लोक म्हणतील पोरीतच काहीतरी असंल." त्यानं कड्याच्या पाण्याकडं पाहिलं. "एकीला बिनगुन्ह्याची घालवली. आता दुसरीला घालवू?"

भुजंगनं कडं पाण्यातून काढून फडक्यावर ठेवलं. रखमाजी म्हणाला, "टाक करून द्या."

त्यानं पत्रा तापवला. ठशावर हातोडा मारला तेव्हा पदर घेतलेली बाई पुन्हा हात जोडून उठली. टाक लालभडक होता. रखमाजीनं तो उलटसुलट केला.

"लई नवा दिसतो."

"नवाच असू द्या," भुजंग म्हणाला. "ह्याला काही लावायचं न्हाई. नुसता घालायचा."

पायरी उतरताना रखमाजी थांबला. "द्वारकाला कोण सांगणार?"

"तुम्ही…"

"मी कोणत्या तोंडानं? तुम्ही सांगा. माझ्याआधी तुम्हाला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी भुजंग चालत द्वारकेच्या माहेरी गेला. कोसभराचा रस्ता, उन्हं वर यायच्या आत पोचला. ती विहिरीवर पाणी ओढत होती. लिंबाच्या फांदीला झोक्याच्या दोरीचा घासलेला पट्टा अजून दिसत होता. पाणी आता खूप खाली गेलं होतं.

"सांगितलं मी," भुजंग म्हणाला. "तुझ्या मालकाला. सारं सांगितलं."

घागर काठावर टेकवून तिनं विचारलं, "आन् मंग?"

"सोमवारी हळद हाय त्याची."

तिनं दोर गुंडाळला. सावकाश, एकेक वेढा सारखा करत. भुजंग उभा होता. त्याला वाटत होतं ती काहीतरी बोलेल, शिव्या देईल, निदान त्याच्या त्या वाक्याची आठवण करून देईल. तिनं फक्त विचारलं, "पोरीचं नाव काढलं का त्यांनी?"

"काढलं. वेणी तू घालायची म्हणले."

"हं," ती म्हणाली. घागर उचलली, डोक्यावर घेतली. दोन पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाली, "दादा, मी तवाच म्हणलं होतं, हिरवं हाय."

पुढं ती नवीन जालन्यात स्टेशनाजवळच्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला येऊ लागली. मधल्या सुटीत बायका फाटकाबाहेर भाकरी सोडून बसत. भुजंगला पार्सल द्यायला स्टेशनावर जावं लागे. जवळचा रस्ता त्या फाटकावरून होता. तो लांबच्या रस्त्यानं जायचा. ख्वाजामियाँचं काम त्यानं सोडलं नाही. पोट होतं, आणि जमिनीतल्यासारखं दिसणारं तांबं त्याच्याइतकं चांगलं कोणी करत नव्हतं. मात्र अंगावरचा जुना दागिना जोडून द्या, गळ्यातल्यासारखं करून द्या, असं म्हणत कोणी आलं की तो नाही म्हणायचा.

रखमाजीचा टाक उठवला त्या दिवशी त्यानं त्याच ठशावरून आणखी एक उठवला होता. त्याला काळा दोरा घातला आणि स्वतःच्या गळ्यात, सदऱ्याखाली बांधला. कुंडलिकेवर आंघोळीला गेला की लोकांना दिसायचा. पुरुषाच्या गळ्यात सवतीचा टाक जालन्यात कोणी पाहिला नव्हता.

"काय रे भुजंगा, तू कोणावर नांदायला गेला?"

"मोजून राह्यलो," तो म्हणायचा.

तो खरोखर मोजत होता. भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ. पहिल्या आठवड्यात तांब्याचा लाल गेला. पंधराव्या दिवशी पदराच्या चुण्या काळ्या पडल्या. दोऱ्याखाली छातीच्या कातडीला हिरवट डाग पडला, पण टाकावर हिरवं राहिलं नाही. अंगाच्या घासणीनं ते पुसून घेतलं. मग नाक, कपाळ आणि जोडलेल्या हातांची बोटं हळूहळू उजळू लागली, खाचा काळ्या राहिल्या. एके सकाळी त्यानं टाक काढून दुर्गाबाईच्या हातात दिला.

"किती वर्षांचा वाटतो?"

तिनं तो दाराशी नेऊन पाहिला. अंगठा फिरवला. मग, का कोण जाणे, गालाला लावून पाहिला.

"तीन वर्षं. चार म्हणा," ती म्हणाली.

भुजंगनं भिंतीवरच्या रेघा मोजल्या, आणि चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजल्या. एकेचाळीस होत्या. द्वारका पहिल्यांदा पायरीवर येऊन बसली तेव्हा तिच्याजवळ सत्तेचाळीस दिवस होते, आणि टाक त्याच संध्याकाळी तयार होता.

टाक त्यानं परत गळ्यात घातला. रेघा पुसल्या नाहीत. निजामी गेली त्याच्या आदल्या वर्षी तो वारला, तेव्हा आंघोळ घालणाऱ्यांनी दोरा तोडायला घेतला आणि दुर्गाबाईला विचारलं, हा कोणाचा टाक?

तिनं एवढंच सांगितलं की तो कोणाचाच नाही, आणि चिंच न लावता ठेवून द्या.